पाते जाड म्हणून चाकू मजबूत होत नाही

रोज जवळ ठेवायला एखादा लहान, दणकट चाकू घ्यावा असे मनात आले की आपण मोबाइल उघडतो आणि तिथेच फसतो. समोर येतात ते पाच-सहा मिलिमीटर जाडीचे, काळा रंग मारलेले, पाठीवर करवतीचे दात काढलेले चाकू. फोटोत भारी दिसतात. निपाणीच्या वखारीत किंवा खानापूरकडच्या शेतात कामाला लावले की तासाभरात कळते, यांना साधे रताळेसुद्धा नीट कापता येत नाही.

आधी आपली कामे बघूया. खताच्या पोत्याची शिवण उसवायची, ठिबकची नळी छाटायची, पीव्हीसी पाइपच्या तोंडाची कड तासायची, वायरचे आवरण सोलायचे, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत आलेल्या मालावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या तोडायच्या, दुपारी कलिंगड नाहीतर पेरू चिरायचा. यातले एकही काम तोडण्याचे नाही, सगळी कापण्याची आहेत. तोडायला कोयता असतोच. ज्याचा ऊस आहे त्याच्या घरी दोन-चार तरी असतात. कमरेच्या लहान चाकूकडून कोयत्याची अपेक्षा धरली की सगळी निवड बिघडते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पाते सात ते नऊ सेंटिमीटर, पाठीकडे जाडी अडीच ते तीन मिलिमीटर, धार एकाच बाजूला, टोक जेमतेम अणकुचीदार, पाते मुठीत पक्के बसवलेले. दात नको, रंग नको, खाचा नकोत.

मिटणारा चाकू खिशात बसतो, मग हा न मिटणारा का घ्यायचा, हा प्रश्न रास्त आहे. मिटणाऱ्या चाकूचा सगळा भार एका खिळ्यावर आणि पाते उघडे धरून ठेवणाऱ्या एका छोट्या पट्टीवर असतो. शहरात पाकिटे फोडायला तो उत्तम. पण गुऱ्हाळावर काकवी सांडते, तंबाखूच्या हिरव्या पानांचा काळा चिकटा बोटांना बसतो, भातलावणीत चिखल असतो. हे सगळे त्या सांध्यात जाऊन बसते. मग पाते अर्धवट उघडते, आणि अर्धवट उघडलेले पाते जोर लावताना बोटांवर मिटते. पक्क्या बसवलेल्या पात्याला सांधाच नाही. बोअरच्या पाण्याखाली धरले, पुसले, म्यानात घातले, झाले.

आता जाडीकडे येऊ, कारण सर्वात मोठा घोळ इथे आहे. पट्टी वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे दोन मिलिमीटरचे पाते चार मिलिमीटर केले की ते दुप्पट नव्हे, आठपट ताठ होते. ऐकायला छान वाटते. पण आठ सेंटिमीटर लांबीचे, तीन मिलिमीटर जाडीचे, नीट पाणी दिलेले, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेले, पाते कापताना हाताच्या जोराने वाकणे किंवा मोडणे मुळातच अवघड. त्यापुढची जाडी कापण्याच्या कुठल्याच कामाला येत नाही. ती येते फक्त उचकटायला, आणि उचकटायला पहार असते.

उलट कापताना ही जाडी आडवी येते. चाकू म्हणजे पाचर. धार आत शिरते, पण तिच्यामागचे पाते आत शिरायला वस्तूला दोन्ही बाजूंना ढकलावे लागते. सुतळीत हा फरक जाणवत नाही, कारण सुतळी तुटून बाजूला होते. रताळ्यात जाणवतो. आपल्याकडचे मोठे कच्चे रताळे घ्या आणि आडवे कापा. जाड पाते निम्म्यापर्यंत जाते आणि पुढे रताळे कापले जात नाही, फाटते. कट्ट असा आवाज येऊन वेडावाकडा तुकडा पडतो. पातळ पाते गुळगुळीत चकती काढते. दुकानात रताळे घेऊन कोणी जात नाही हे मान्य, पण विकत घेतलेल्या चाकूची पहिली परीक्षा ही घ्यावी.

म्हणून पाठीची जाडी मोजण्यापेक्षा धारेच्या लगेच मागे पाते किती जाड आहे ते बघा. तिथे अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर चाकू कापतो. एक मिलिमीटर असेल तर कितीही पाजवा, कागद कापेल, पण रताळ्यात अडकेल. यासाठी पाते पाठीपासून धारेपर्यंत सलग निमुळते होत गेलेले हवे. बऱ्याच स्वस्त जाड चाकूंत ते निम्म्यापर्यंत जाडच राहते आणि शेवटी एकदम उतार दिलेला असतो.

मग दणकटपणा येतो कुठून? पोलादातून, आणि त्याहून जास्त त्याला दिलेल्या पाण्यातून.

पोलादाचे दोन गुण लोक एकच समजतात. एक कडकपणा, दुसरा चिवटपणा. कडक पोलाद धार टिकवते, पण आडवा मार बसला की तिचा टवका उडतो. चिवट पोलाद मार खाते, वाकते, पण तुटत नाही. पापड आणि चपाती यांत जो फरक, तोच. चाकूला दोन्ही थोडे थोडे हवे असते आणि एक वाढवले की बहुधा दुसरे कमी होते. कडकपणा रॉकवेल मापात मोजतात. कामाच्या लहान चाकूला ५६ ते ६० हा पट्टा ठीक. ६२-६३ च्या पुढचा चाकू स्वयंपाकघरात चांगला, पण पोत्यातून निघालेल्या दगडावर आपटला की धारेला दात पडतात.

बाजारात तीन जातींची पोलादे भेटतात. पहिले साधे कार्बन पोलाद. अमेरिकेत १०९५ नावाचे चालते, त्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. आपल्याकडे मोटारीच्या पाट्याचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, पोलाद असते, त्यात कार्बन साधारण अर्धा ते ०.६ टक्के आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा थोडे क्रोमियम. हे फार चिवट. हजारो वेळा वाकून सरळ व्हायला बनवलेले पोलाद चिवट असणारच. त्याचा दोष एकच, गंजते.

दुसरे स्टेनलेस. पोलादात क्रोमियम १०.५ टक्क्यांच्या वर गेले की त्याला स्टेनलेस म्हणतात. सगळे स्टेनलेस सारखे नसते. ज्याचे ताट-वाटी बनते ते पाणी दिल्याने कडक होत नाही, म्हणून त्याचा चाकू होत नाही. चाकूच्या स्टेनलेसमध्ये मला १४सी२८एन हे स्वीडिश पोलाद आवडते, कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास, क्रोमियम १४. चिवट, लवकर पाजवले जाते आणि पावसाला दाद देत नाही. तिसरे डी-२ नावाचे. मुळात साचे आणि पंच बनवायचे पोलाद, कार्बन दीड टक्का, क्रोमियम १२ च्या आसपास. धार खूप दिवस टिकते, पण आत कार्बाइडचे जाडे कण असतात, त्यामुळे टवका उडतो आणि साध्या निसण्यावर पाजवताना घाम फुटतो. हल्ली स्वस्त चाकूंवर हे नाव मोठ्या अक्षरांत छापलेले दिसते. बसून खोकी उघडायचे काम असेल तर घ्या, शेतासाठी नको.

पण पोलादाचे नाव हा निम्मा भागसुद्धा नाही. तेच पोलाद, पाणी बिघडले की खिळ्याएवढे मऊ नाहीतर काचेएवढे ठिसूळ. आणि इथे आपल्या भागाचा फायदा आहे, कारण आपल्याकडे अजून लोहार आहेत. गावात लोहाराचे दुकान आहे, रस्त्याकडेला भाता मांडून बसणारे घिसाडी आहेत, सीमेच्या दोन्ही बाजूंना आठवड्याच्या बाजारात कोयते-विळे घेऊन येणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून लहान चाकू करून घेता येतो, फक्त काय मागायचे ते ठाऊक हवे.

लोखंड आपण न्यावे. ट्रक-ट्रॅक्टरच्या पाट्याचा तुकडा सर्वात चांगला. जुना, तुटलेला पाटा नेला तर एक धोका असतो: वर्षानुवर्षे वाकून त्याला केसाएवढ्या भेगा पडलेल्या असू शकतात आणि त्या डोळ्याला दिसत नाहीत. नवा तुकडा किंवा गॅरेजवाल्याकडे कापून उरलेला मिळाला तर उत्तम. बांधकामाच्या सळईचा चाकू कोणी देऊ केला तर नको म्हणा. तिच्यात कार्बन इतका कमी असतो की कितीही पाणी द्या, धार राहत नाही. उद्यमबागेतल्या वर्कशॉपांतून पॉवर हॅक्सॉची जुनी पाती घासून केलेले चाकूही फिरतात. काही चांगले कापतात, कारण ते हायस्पीड पोलाद असते आणि ग्राइंडरवर लाल झाले तरी मऊ पडत नाही. पण ते अतिशय कडक असते. हातातून फरशीवर पडले तर दोन तुकडे होऊ शकतात. शिवाय काही पात्यांत फक्त दातच कडक असतात, पाठ मऊ. असा चाकू बाकावर ठेवायचा, कमरेला नाही.

पाणी द्यायची रीत अशी. पाते भट्टीत तापत जाते आणि लाल होते. साधारण ७७० अंशांवर लोखंडाला लोहचुंबक चिकटेनासे होते. पाट्याच्या पोलादाला त्याहून आणखी थोडे तापवावे लागते, मग बुडवायचे. लोहार उन्हात बसत नाही, अंधाऱ्या छपरात बसतो, ते सावलीसाठी नव्हे. उन्हात लाल रंगाच्या छटा कळत नाहीत. पाटा तेलात बुडवायचे पोलाद आहे, थंड पाण्यात बुडवले तर पातळ धारेला तडा जाऊ शकतो. कोमट केलेले खाद्यतेल चालते. जळके इंजिन ऑइल अनेक जण वापरतात, पण त्याचा धूर नाकातोंडात घ्यायच्या लायकीचा नसतो.

बुडवून काढलेले पाते कडक आणि ठिसूळ असते. आता ते पुन्हा हलके तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो, आणि घाईत वगळली जाते ती नेमकी हीच पायरी. जुना कसबी लोहार एकाच तापात दोन्ही करतो. तो फक्त धार बुडवतो, पाठ बाहेर ठेवतो. मग पाते काढून धार दगडावर घासून चकचकीत करतो आणि बघत बसतो. पाठीतली उरलेली उष्णता धारेकडे सरकते आणि चकचकीत भागावर रंग चढू लागतात: आधी फिकट गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा साधारण २२० अंशांचा, निळा ३०० च्या आसपासचा. धारेवर गवती रंग आला की सगळे पाते बुडवायचे. धार कडक, पाठ चिवट. एवढ्या छोट्या वस्तूत दोन स्वभाव एकत्र आणायची यापेक्षा स्वस्त युक्ती मला माहीत नाही.

तेव्हा मागणी करताना म्हणायचे, ‘मामा, धारेलाच पाणी द्या, पाठ मऊ राहू दे, आणि पिवळ्यावर थांबवा.’ ज्याला काम येते तो मान हलवतो. ज्याला येत नाही तो म्हणतो, ‘तुम्ही न्या हो, काय होत नाही.’ त्याच्याकडून खुरपे घ्यावे.

घरी तपासायला कानस पुरे. धारेवर कानस हलकेच चालवा. ती लोण्यात गेल्यासारखी खात असेल तर पाते मऊ. काचेवरून घसरल्यासारखी सटकत असेल तर उतरवलेले नाही. घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवून ते अजूनही सुधारता येते. जेमतेम चावत असेल तर जमले. आणि यानंतर कोरड्या ग्राइंडरला पाते देऊ नका. बाजारात ठिणग्या उडवत धार लावून मिळते, दोन मिनिटांत. धारेवर निळी झाक दिसली की समजायचे, लोहाराने दिलेले पाणी तिथे उतरले. ग्राइंडर लावायचाच असेल तर दर घासणीला पाण्यात बुडवा आणि पाते बोटाला चटका देईल इतके तापू देऊ नका.

पाते मुठीत किती आत जाते यावरून लोक फार भांडतात. पूर्ण मुठीच्या आकाराचे पोलाद आत असावे आणि दोन्ही बाजूंना फळ्या ठोकलेल्या असाव्यात, ही पद्धत भरवशाची, कारण काही सैल झाले तर डोळ्यांना दिसते. पण हा नियमच आहे असे नाही. स्वीडनच्या मोरा गावचे स्वस्त चाकू बघा. त्यांच्या कंपेनियन मॉडेलचे पाते जेमतेम अडीच मिलिमीटर जाड आणि साडेदहा सेंटिमीटरच्या आत, मुठीत अर्धवटच गेलेले, मूठ प्लास्टिक-रबराची. तरी सुतारापासून शिकाऱ्यापर्यंत सगळे ते वर्षानुवर्षे वापरतात. याउलट अमेरिकन इझुला हा बोटभर चाकू १०९५ पोलादाचा, जवळपास चार मिलिमीटर जाड आणि मुठीपर्यंत एकसंध. तो अधिक मार खाईल, मोरा अधिक चांगला कापेल. मला विचाराल तर मोरा.

मूठ तळहाताच्या रुंदीपेक्षा थोडी लांब हवी; बहुतेकांना दहा-अकरा सेंटिमीटर पुरते. पुढे बोटाला अडकायला खाच किंवा उंचवटा पाहिजेच, कारण पावसात ओला हात पुढे घसरला तर जातो तो धारेवर. शिसव किंवा बाभूळ चांगली, सागवानही चालते. फार चकचकीत पॉलिश करू नका, जवसाचे तेल पाजून सोडा. पितळी रिबिटे दोन पुरतात, तीन असली तर निश्चिंत.

म्यान मात्र कमी लेखू नका. वाईट म्यानातला चांगला चाकू आठवड्यात हरवतो, नाहीतर मांडीला लागतो. आपल्या जिल्ह्यात अथणी आणि निपाणी भागात कोल्हापुरी चपला बनवणारे कारागीर आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांसोबत कर्नाटकचेही चार आहेत आणि बेळगाव त्यातला एक. जो कारागीर झाडपाल्याने कमावलेले जाड कातडे हाताने शिवतो, त्याला म्यान जड नाही. फक्त शिवणीच्या बाजूला, धार येते तिथे, कातड्याची एक जादा पट्टी घालायला सांगा, म्हणजे धार टाके कापणार नाही. दुसरे, हे कातडे साली-फळांच्या तुरट रसात कमावलेले असते. ओल लागली की कार्बन पोलादाला काळे डाग पाडते. म्हणून चातुर्मासात चाकू त्या म्यानात महिनाभर ठेवून द्यायचा नाही.

शेतातल्या वापरासाठी मी पाण्याच्या पाइपचे म्यान बरे समजतो. पीव्हीसीचा वाया गेलेला तुकडा उकळत्या पाण्याच्या वाफेवर किंवा हॉट एअर गनने मऊ करायचा, चपटा दाबायचा, मधे वहीच्या पुठ्ठ्यात गुंडाळलेले पाते ठेवून थंड होऊ द्यायचे. हातमोजे घाला. जाळावर धरू नका. पीव्हीसी करपले की विषारी धूर निघतो. खाली एक भोक ठेवा, पाणी निघून जायला. चाकू घालून म्यान उलटे धरून झटकायचे. निसटला तर पुन्हा तापवून दाबायचे.

कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते तिथे कार्बन पोलादाला तांबेरा येणारच. लिंबू, कच्चा आंबा चिरून पात्यावर येणारा करडा-काळा थर मात्र घासून काढू नका. तांबडा गंज पोलाद खातो, तो काळा थर त्याला थोडा आडोसा देतो. वापरून झाल्यावर पुसायचे आणि खोबरेल तेलाचे बोट फिरवायचे. शेंगतेल नको, ते वाळून चिकट होते. एवढेही जमणार नसेल तर सरळ स्टेनलेस घ्या, त्यात कमीपणा नाही.

धार लावायला निसणा पुरे. प्रत्येक बाजूला सुमारे २० अंशांचा कोन हवा. कोनमापक लागत नाही: पाते अडीच सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साडेआठ मिलिमीटर उचलायची, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीपेक्षा किंचित जास्त. पाणी शिंपडत दोन्ही बाजू सारख्या घासा, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलटे ओढा.

राहिला कायदा. शस्त्र नियम, २०१६ च्या पाचव्या प्रकारात तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. आपला आठ-नऊ सेंटिमीटरचा चाकू या मापात कुठेच बसत नाही. तरी दोन्ही बाजूंना धार असलेला, खंजिराच्या घाटाचा चाकू घेऊ नका. तो कामाला वाईट आणि पोलिसाला समजावून सांगायला त्याहून वाईट.

पण माप हा सगळा कायदा नव्हे. जमावबंदीचा आदेश निघाला, पूर्वीचे १४४ कलम, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे १६३, तर त्यात हत्यार बाळगण्यावर बंदी असू शकते. महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यातल्या ३७ व्या कलमाखालच्या मनाई आदेशातही सुरे-लाठ्या येतात. आपण सीमेवरची माणसे. सकाळी बेळगावात, दुपारी महाराष्ट्रातल्या शिनोळीत, संध्याकाळी परत. १ नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपास, हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरलेले असताना, निवडणुकीत, गणपतीच्या मिरवणुकीत कमरेला चाकू दिसला तर तो रताळे कापायचा आहे हे ऐकून घ्यायला कोणाला वेळ नसतो. शेतातून शहरात येताना तो हत्यारांच्या पेटीत टाकून गाडीच्या डिकीत ठेवावा. सांबऱ्याहून विमानाने जायचे असेल तर केबिनच्या बॅगेत नको, चेक-इनच्या सामानात म्यानासकट कापडात गुंडाळून द्यायचा.